बाया मोजायच्या की कर्जं? गटाच्या तीन तक्त्यांचा मेळ



आपल्या हिशोबाच्या कार्यक्रमात आज एक साधा प्रश्न घेऊ. तुमच्या गटात आजवर कर्ज घेतलेल्या बायका किती?

हा प्रश्न आम्ही गावोगावच्या बैठकांत विचारतो. सचिव ताई कर्जाची वही उघडतात, ओळींवरून बोट फिरवतात आणि सांगतात, "नऊ." तेवढ्यात मागून कुणी मावशी म्हणते, "अगं, नऊ कुठल्या? तिनं तर दोनदा घेतलंय." मग बोटांवर मोजणी सुरू होते. कुणी सात म्हणतं, कुणी आठ.

वहीत खोट नसते आणि सचिवही हुशार असतात. घोळ होतो तो प्रश्नात. विचारलेल्या असतात बाया आणि मोजली जातात कर्जं. आता बऱ्याच गटांचे हिशोब मोबाइलवर नाहीतर संगणकावर जातात, तिथेही हाच घोळ होतो. फरक एवढाच की वहीवरचा आकडा मागे बसलेली मावशी खोडून काढते. संगणकाने छापलेल्या आकड्यापुढे मात्र सगळ्या गप्प बसतात. म्हणून हे मोजणं आपण नीट समजून घेऊ. गणित सोपं आहे, बेरीज-वजाबाकीच्या पुढे जायचं नाही.

घरं मोजली की पानं?

लग्नाची पंगत आठवा. वरपक्षाने विचारलं, "किती झाले?" आचारी म्हणतो चारशे, कारण त्याने उठलेली पानं मोजली. निमंत्रणाची यादी करणारे काका म्हणतात नव्वद, कारण त्यांनी घरं मोजली. दोघंही खरं बोलतात. शिधा किती लागला हे काढायचं तर पानं मोजायची आणि आहेर कुणाकुणाला द्यायचा हे ठरवायचं तर घरं. घर एक, त्यातून पानं अनेक. शिधापत्रिकेचंही तसंच. पत्रिका एक, तिच्यावर नावं पाच.

गटाच्या हिशोबातही अशी नाती असतात. आपल्याकडे मुख्य तक्ते तीन.

पहिला सभासदांचा तक्ता. यात एका बाईची एकच ओळ.

दुसरा कर्जाचा तक्ता. यात एका कर्जाची एक ओळ. एका बाईने दोनदा कर्ज घेतलं तर तिच्या ओळी दोन. घेतलंच नाही तर एकही नाही.

तिसरा हप्त्यांचा तक्ता. यात भरलेल्या प्रत्येक हप्त्याची एक ओळ. एका कर्जाचे चार हप्ते आले की ओळी चार.

माहिती अशी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची आणि क्रमांकाने एकमेकांशी जोडायची, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएम कंपनीत काम करताना मांडला. आजच्या बहुतेक बँका, दवाखाने, रेल्वे यांची माहिती याच रीतीने ठेवलेली असते. आपल्या गटाच्या वह्या तर आधीपासून अशाच आहेत. सभासद वही वेगळी, कर्ज वही वेगळी. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

कुठलाही तक्ता समोर आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: यातली एक ओळ म्हणजे काय? एक बाई, एक कर्ज की एक हप्ता? हे कळलं की अर्धं काम झालं.

नमुन्याचा गट

रेडिओवर हा भाग झाला तेव्हा वही-पेन घेऊन बसा असं आम्ही सांगितलं होतं. अंकात तक्ताच छापला आहे. हा गट नमुन्यासाठी मानलेला आहे, कुठल्या गावचा नाही. सभासद १२. त्यांचे क्रमांक १ ते १२. कर्जं अशी:

कर्ज १: सभासद २, रुपये १०,०००, आलेले हप्ते ४
कर्ज २: सभासद ३, रुपये ५,०००, आलेले हप्ते २
कर्ज ३: सभासद ५, रुपये १०,०००, आलेले हप्ते ३
कर्ज ४: सभासद ५, रुपये ५,०००, आलेले हप्ते २
कर्ज ५: सभासद ६, रुपये ८,०००, आलेले हप्ते ३
कर्ज ६: सभासद ८, रुपये १२,०००, आलेले हप्ते ४
कर्ज ७: सभासद ९, रुपये ६,०००, आलेले हप्ते २
कर्ज ८: सभासद ९, रुपये ४,०००, आलेला हप्ता १
कर्ज ९: सभासद ११, रुपये १०,०००, आलेले हप्ते ३

कर्जं ९. एकूण वाटप ७०,००० रुपये. आलेले हप्ते २४. आता कर्ज घेतलेल्या बाया मोजा. ५ आणि ९ या क्रमांकांच्या सभासद दोनदा आल्या आहेत, त्यांना एकदाच धरायचं. उत्तर येतं ७. म्हणजे १२ पैकी ५ जणींनी कर्ज घेतलेलंच नाही.

नऊ म्हणालो तर १२ पैकी ९, म्हणजे ७५ टक्के. सात म्हणालो तर ५८ टक्के. एकाच वहीतून निघालेले हे दोन आकडे.

ओळी मोजणं वेगळं आणि वेगवेगळी माणसं मोजणं वेगळं. अहवाल काढणाऱ्या प्रणालीत यासाठी दोन वेगळे पर्याय असतात. नुसतं 'काउंट' निवडलं की ओळी मोजल्या जातात. 'डिस्टिंक्ट काउंट' निवडलं की एक क्रमांक कितीही वेळा आला तरी एकदाच धरला जातो. गुगल शीट्समध्ये या कामासाठी 'काउंटयुनिक' नावाचं सूत्र आहे. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल करताना 'डेटा मॉडेलमध्ये जोडा' या चौकटीत खूण केली की 'डिस्टिंक्ट काउंट' मिळतो. २०१३ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. खूण केली नाही तर तो पर्याय यादीत दिसतच नाही, आणि आपण नुसत्या 'काउंट'वर समाधान मानतो.

ज्यांची ओळच नाही त्या पाच जणी

आता खरा कळीचा मुद्दा. त्या पाच जणी कुठे दिसतात?

कर्जाच्या तक्त्यात त्या नाहीत. हप्त्यांच्या तक्त्यात त्यांचं नाव येण्याचा प्रश्नच नाही. कर्जाच्या तक्त्यावरून अहवाल काढला की त्या पाच जणी कागदावरून पुसल्या जातात. सभासद आणि कर्ज हे दोन तक्ते जोडले तरी हेच होऊ शकतं. जोडण्याच्या एका प्रकारात दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच उरतात, बाकीच्या गळतात. अहवाल स्वच्छ दिसतो, बेरीज चुकत नाही, आणि पाच बाया गायब.

या कोण असतात? कधी खरंच गरज नसते. पण आमच्या पाहण्यात अनेकदा त्या एकट्या राहणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या किंवा बैठकीत तोंड न उघडणाऱ्या असतात. "फेडायला जमलं नाही तर?" या भीतीने त्या मागत नाहीत, आणि मागत नाहीत म्हणून कुणी विचारत नाही. दर महिन्याला बचत मात्र त्यांची बिनचूक जमा होते. त्यांच्या पैशावर बाकीच्यांचं कर्ज उभं राहतं. गट काढला तो अशाच बाईसाठी. तीच अहवालात नसेल तर ग्रामसंघात तिच्याबद्दल बोलणार कोण?

उपाय सोपा. सुरुवात नेहमी सभासदांच्या तक्त्यापासून करायची. तिथे प्रत्येकीची ओळ आहेच. त्या ओळीपुढे एक नवा रकाना काढायचा, 'कर्जं किती'. मग कर्जाच्या वहीत जाऊन त्या क्रमांकाच्या ओळी मोजायच्या आणि आकडा इथे आणून लिहायचा. कुणापुढे १, कुणापुढे २, आणि त्या पाच जणींपुढे ०. शून्य लिहिलं म्हणजे ती बाई दिसली.

संगणकावर हे काम 'काउंटिफ' नावाचं सूत्र करतं. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: कुठे शोधायचं आणि काय शोधायचं. कुठे, तर कर्जाच्या तक्त्यातल्या सभासद क्रमांकाच्या रकान्यात. काय, तर या ओळीतल्या बाईचा क्रमांक. पहिल्या ओळीत सूत्र लिहून खाली ओढलं की बाराही जणींचे आकडे येतात. एक जपायचं. सूत्र खाली ओढताना शोधायची जागाही खाली सरकते आणि वरची कर्जं निसटतात. म्हणून त्या जागेला डॉलरची खूण लावून ती पक्की करायची, नाहीतर पूर्ण रकानाच निवडायचा.

आता या नव्या रकान्याचा ताळा पाहा. सगळ्या आकड्यांची बेरीज ९ यायला हवी, कारण कर्जं ९ आहेत. ८ आली तर समजायचं की कर्जाच्या वहीत एक ओळ अशी आहे जिचा सभासद क्रमांक यादीत सापडत नाही. एकतर क्रमांक चुकला, नाहीतर गट सोडून गेलेल्या बाईची ओळ कुणी खोडून टाकली. म्हणून सांगतो, सभासद गेली तरी तिची ओळ खोडू नका. पुढे 'गट सोडला' आणि तारीख लिहा. तिचं जुनं कर्ज वहीत आहे, त्याला धनी हवा.

आणि जोडणी क्रमांकानेच करा, नावाने नको. एका गावात चार सुनीता असतात. त्यातल्या एकीचं नाव एका वहीत 'सुनिता' आणि दुसऱ्या वहीत 'सुनीता' लिहिलेलं असतं. आपल्याला ती एकच बाई आहे हे कळतं, संगणकाला त्या दोन बाया वाटतात. आकडेही एकाच पद्धतीने लिहा. एका तक्त्यात मराठी आकडे आणि दुसऱ्यात इंग्रजी असं करू नका.

सत्तर हजारांचे दोन लाख कसे होतात?

आता उलटी गंमत. वरच्या खेळात बाया गळाल्या, इथे पैसे वाढतात.

समजा कर्ज आणि हप्ते हे दोन तक्ते जोडून एकच मोठा तक्ता केला. कर्ज १ चे हप्ते ४ आले आहेत. म्हणून मोठ्या तक्त्यात त्याच्या ओळी चार झाल्या, आणि प्रत्येक ओळीपुढे कर्जाची रक्कम १०,००० लिहिली गेली. आता रकमेच्या रकान्याची बेरीज केली तर या एका कर्जाचेच ४०,००० झाले. नऊही कर्जांचं असं करून पाहा. ७०,००० च्या जागी २,०८,००० येतात. पंगतीत प्रत्येक पानामागे घराचा आहेर लिहिला तर जे होईल, तेच इथे झालं.

असा फुगलेला आकडा पाहून आधी आनंद होतो, "बघा, आपल्या गटाने दोन लाख वाटले!" पण पुढे बँकेत खातं आणि अहवाल समोरासमोर ठेवले की उत्तर देता येत नाही. आणि उत्तर देता आलं नाही की संशय सचिव ताईंवर येतो. त्यांनी एक रुपयासुद्धा इकडचा तिकडे केलेला नसतो.

म्हणून नियम लक्षात ठेवा: आधी गोळा करा, मग जोडा. हप्त्यांच्या तक्त्यातून आधी प्रत्येक कर्जाची एकूण परतफेड काढायची. त्यासाठी 'समिफ' सूत्र आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठे शोधायचं, कोणता कर्ज क्रमांक शोधायचा आणि कोणत्या रकान्याची बेरीज करायची. ती बेरीज कर्जाच्या तक्त्यात त्या कर्जापुढे आणून ठेवायची. आता एका कर्जाची ओळ एकच राहिली. रक्कम वजा परतलेलं मुद्दल म्हणजे येणं बाकी. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात, म्हणून वजाबाकी मुद्दलाच्या रकान्यातूनच करायची.

आकडे जुळले म्हणजे हिशोब जुळला का?

आता तुलनेकडे येऊ. या महिन्यात ९ कर्जांचे ९ हप्ते यायचे होते. हप्त्यांच्या वहीत या महिन्याच्या ओळी मोजल्या, त्या ९ भरल्या. नऊला नऊ. परतफेड शंभर टक्के, असं लिहून मोकळं व्हावं असं वाटतं.

थांबा. समजा सभासद ११ ने सोयाबीनचे पैसे आले म्हणून दोन हप्ते एकदम भरले, आणि सभासद ८ चा या महिन्यात एकही आला नाही. एकूण तरी ९ च. एकीचं जास्त आणि दुसरीचं कमी यांनी एकमेकांना झाकलं.

एकूण आकडा जुळला तरी प्रत्येक ओळ जुळतेच असं नाही. म्हणून तुलना करताना प्रत्येक कर्जापुढे दोन रकाने हवेत, 'यायचे हप्ते' आणि 'आलेले हप्ते', आणि तिसऱ्या रकान्यात फरक. कर्ज ९ पुढे एक जास्त दिसेल, कर्ज ६ पुढे एक कमी.

बाईप्रमाणे तुलना केली तर चालेल का? सभासद ९ कडे पाहा. तिची कर्जं दोन, म्हणून हप्ते दोन यायचे होते आणि तिने दोन भरले. बाईप्रमाणे हिशोब बरोबर. पण समजा दोन्ही हप्ते तिच्या पहिल्या कर्जावर लिहिले गेले. मग दुसरं कर्ज थकीत दिसणार, आणि तिला त्याचा पत्ताच नसणार. हप्त्याच्या नोंदीत सभासद क्रमांकाबरोबर कर्ज क्रमांकही लिहायला सांगतात तो यासाठी. पैसे घेतानाच विचारायचं, "ताई, हा कोणत्या कर्जाचा?"

सभासद ८ चा हप्ता आला नाही हे कळलं, आता पुढे काय? तिला बैठकीत उभं करायचं का? मुळीच नाही. ४ हप्ते नियमाने भरलेली बाई अचानक थांबली तर तिच्या घरात काहीतरी झालेलं असतं. दुखणं असेल, मजुरी बंद असेल. एका महिन्यातच लक्षात आलं तर गट तिच्या दारी जाऊ शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो. 'शंभर टक्के' लिहून पुढे गेलो तर तीन-चार महिन्यांनी कळतं. तोवर तिने सावकाराचं दार गाठलेलं असतं.

रिकामी चौकट आणि शून्य

छोटीशी पण महत्त्वाची गोष्ट. बचतीच्या रकान्यात एखादीपुढे काहीच लिहिलेलं नाही. याचा अर्थ तिने बचत दिली नाही, की दिली पण लिहायची राहिली? संगणक रिकाम्या चौकटीला शून्य मानत नाही. सरासरी काढताना तो रिकामी चौकट सोडून देतो, शून्य मात्र धरतो. १२ पैकी १० जणींनी १०० रुपये दिले आणि दोन चौकटी रिकाम्या राहिल्या तर सरासरी १०० येते. त्याच दोन ठिकाणी शून्य लिहिलं तर सरासरी ८३ च्या आसपास येते. म्हणून आली नसेल तर ० लिहा, आणि माहीत नसेल तर चौकट रिकामी ठेवून बैठकीतच विचारून घ्या.

दोन गटांची तुलना

शेवटचं, ग्रामसंघाच्या बैठकीसाठी. समजा आपल्या नमुन्याच्या गटाशेजारी दुसरा गट आहे. सभासद १०, कर्जं ८, कर्ज घेतलेल्या बायाही ८. कोणता गट पुढे?

कर्जं मोजली तर आपला गट पुढे, ९ विरुद्ध ८. बाया मोजल्या तर दुसरा पुढे, ७ विरुद्ध ८. शंभरात किती असं पाहिलं तर आपल्याकडे ५८ आणि त्यांच्याकडे ८०. ग्रामसंघाला पैसे कुठे जास्त फिरले हे पाहायचं असेल तर कर्जं आणि रक्कम मोजावी. पैसा किती बायांच्या हाती पोचला हे पाहायचं असेल तर बाया मोजाव्या, आणि त्या गटाच्या एकूण सभासदांशी ताडून पाहाव्या. गट लहान-मोठे असतात, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून चालत नाही.

नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटाची पत त्याच्या वहीवर जोखली जाते. आपल्या पंचसूत्रीतही बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीने पाचवं सूत्र नियमित लेख्यांचंच आहे.

येत्या बैठकीत एवढं करा. एक कोरा कागद घ्या. सगळ्या सभासदांचे क्रमांक ओळीने लिहा, पुढे तीन रकाने आखा: कर्जं किती, मुद्दल बाकी किती, या महिन्याचा हप्ता आला का. पहिले दोन रकाने वह्यांवरून भरा, आणि तिसऱ्यात दोन कर्जं असतील तिथे दोन्हींचं वेगळं लिहा. मग मोबाइलमधला किंवा संगणकावरचा अहवाल शेजारी ठेवून ताळा घ्या. जिथे जुळणार नाही तिथे विचारा, "तुम्ही ओळी मोजल्या की बाया?" हा प्रश्न कुठल्याही साहेबांना विचारायला लाजू नका.

आणि ज्यांच्यापुढे शून्य आलं त्यांच्याशी बैठक संपल्यावर जरा बाजूला बसून बोला. त्यांनी कर्ज का घेतलं नाही हे आकडा सांगत नाही, त्याच सांगतील.

पुढच्या भागात व्याजाचा हिशोब घेऊ. तोवर वह्या सांभाळा, स्वतःला सांभाळा. नमस्कार.